एक मीटर ओढ

घरी सांगितलं की आम्ही चौघं जॉर्डनला चाललोय, वाळवंटात, कातळ चढायला, तर आई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "कामून रे, इथं ऊन कमी पडायलंय का?" याला खरंच माझ्याकडं उत्तर नव्हतं. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी बाहेर कुत्रं दिसत नाही, गावोगावी टँकर फिरतात, आणि आपण वर्षभर पैसे साठवून कुठं चाललो तर जिथं याच्यापेक्षा कमी पाणी आहे तिथं. बाबांनी पेपर खाली न करता एवढंच विचारलं, "परतीचं तिकीट काढलंय ना?"

चौघं म्हणजे कोण ते सांगतो. मी संभाजीनगरचा. एक लातूरकर, एक परभणीकर आणि एक डॉक्टरीण जी मूळची जालन्याची. नावं लिहीत नाही कारण लातूरकर बँकेत आहे आणि त्यानं साहेबाला रजेचं जे कारण सांगितलं होतं त्यात जॉर्डन कुठंच नव्हतं.

आमची सुरुवात हडबीच्या शेंडीपासून झाली. मनमाडजवळ अंकाई-टंकाईच्या बाजूला अंगठा दाखवल्यासारखा उभा सुळका आहे तो. आम्ही सकाळच्या ट्रेननं जायचो, संध्याकाळी अंगभर धूळ घेऊन यायचो आणि डब्यातली माणसं आमच्या गळ्यातल्या रोपाकडं, म्हणजे चढाईच्या दोराकडं, बघून विचारायची, विहिरीचं काम करता का. सह्याद्रीचा असो की आपल्या अजिंठ्याच्या डोंगराचा, आपला सगळा दगड बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला त्याचा. या दगडाची एक खोड आहे, वरून मस्त दिसतो आणि हातात येतो. अक्षरशः हातात येतो, मुळासकट. म्हणून आपल्याकडं शिकवताना पहिली गोष्ट ही शिकवतात की होल्ड, म्हणजे हात-पाय टेकायचा दगड, पकडायच्या आधी त्याला ठोकून बघ. टणक आवाज आला तर तुझा, भद्द आला तर सोड. आमची डॉक्टरीण म्हणते हे तिला कॉलेजातच शिकवलंय, पेशंटच्या छातीवर बोटं ठोकून आवाज ऐकतात तसंच.

मग बदामी सुरू झालं. संभाजीनगरवरून जाणारा 52 नंबरचा हायवे बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर करत विजयपूरला जातो, तिथून पुढं बदामी. रात्री निघायचं, तुळजापूरला देवीला हात जोडायचे, सोलापूरला चहा, आणि सकाळी लालबुंद कडे समोर. चालुक्यांच्या गुहा ज्या दगडात कोरल्यात तोच वाळूचा दगड, सँडस्टोन. तिथं दगडात पक्के बोल्ट मारलेले रूट, म्हणजे चढायच्या ठरलेल्या वाटा, आहेत त्यामुळं त्यात क्विकड्रॉ, म्हणजे रोप अडकवायच्या कड्या, लावत वर जायचं, डोक्याला फार ताप नाही. ताप फक्त माकडांचा. गणेशा म्हणून एक रूट आहे तिथं, 8बी प्लस ग्रेडचा, भारतातल्या अवघड रूटमध्ये त्याचं नाव घेतात, तो आम्ही खालून मान वर करून नीट बघितला आणि चहा प्यायला गेलो. दोन-तीन हिवाळे असे गेल्यावर परभणीकर एका रात्री परतीच्या गाडीत म्हणाला, "वाळूचाच दगड चढायचाय तं मग वाळवंटातच जाऊ की एकदा." झोपेत म्हणाला असेल असं वाटलं. सकाळी उठून त्यानं ग्रुपचं नाव बदलून वादी रम करून टाकलं होतं.

वादी रम जॉर्डनच्या दक्षिणेला, अकाबाच्या बंदरापासून साठेक किलोमीटर. तिथं बोल्ट फार नाहीत. चिरेत आपणच सामान बसवत चढायचं आणि मागून येणाऱ्यानं ते काढत यायचं. त्यासाठी लागतो फ्रेंड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रेंड म्हणजे एक यंत्र आहे. ट्रिगर ओढला की त्याच्या पाकळ्या आत मिटतात, चिरेत सरकवला की पुन्हा उघडून दोन्ही भिंतींना दाबून बसतात, आणि गंमत म्हणजे तुम्ही पडलात की जेवढा झटका बसेल तेवढा तो आणखी घट्ट रुततो. रे जार्डिन नावाच्या अमेरिकन क्लाइंबरनं शोधला, 1978 पासून बाजारात आला. आम्हाला एकेक नग सहा-सात हजारांच्या आसपास गेला. आम्ही चौघांनी मिळून बारा घेतले आणि त्यातले चार कुणाचे यावरून अजून भांडण आहे.

मुंबई एअरपोर्टला बॅग स्कॅनमधून गेली आणि परत आली. साहेबानं एक काढून हातात धरला, ट्रिगर दाबून बघितला, पाकळ्या मिटल्या तसा एक पाऊल मागं सरकला. "हे काय आहे?" परभणीकर पुढं होऊन अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "फ्रेंड आहे सर." "कुणाचा?" "चौघांचा आहे सर." डॉक्टरणीनं मध्ये पडून मोबाईलवर व्हिडिओ दाखवला तेव्हा सुटलो.

अम्मानला उतरून गाडीनं खाली यायला चार तास लागतात. जॉर्डन पास ऑनलाइन काढला होता, 70 दिनारपासून आहे, त्यात व्हिसाची फी सुटते आणि पेट्रा, म्हणजे कातळात कोरलेलं तिथलं जुनं शहरपण बघता येतं, फक्त देशात तीन रात्री राहायला लागतं. जाणाऱ्यांनी तोच काढा. नोव्हेंबर होता म्हणजे हवा चांगली, दिवसा आपल्या डिसेंबरच्या दुपारीसारखं ऊन आणि रात्री मात्र अशी थंडी की दोन स्वेटरवर ब्लँकेट घेऊन पण दात वाजायलेत.

पहिलं दर्शन काय सांगू. आपल्याकडं डोंगर कसा, पायथा, मग चढ, मग कडा, सगळं टप्प्याटप्प्यानं. तिथं वाळू सपाट चालली आहे चालली आहे आणि एकदम भिंत. बूट वाळूत आणि हात कड्याला. जेबेल रम 1,734 मीटरचा आहे. खाली काळपट ग्रॅनाइट आणि त्याच्यावर तो लाल-पिवळा वाळूचा दगड, साधारण पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपला बेसॉल्ट त्याच्यापुढं काल जन्मलेलं लेकरू. उन्हावाऱ्यानं त्यावर मेणबत्ती वितळल्यासारखे ओघळ आलेत. इंग्लंडचा टोनी हॉवर्ड 1984 ला इथं आला आणि त्याच्या टीमनं रूट चढून, नोंदवून जगाला ही जागा सांगितली असं सगळे सांगतात, पण त्याच्या कितीतरी आधीपासून बदू, म्हणजे तिथले वाळवंटातले भटके लोक रानबोकडाच्या शिकारीसाठी ह्याच कड्यांवरून अनवाणी फिरत होते, रोप नाही काही नाही, अवघड जागी दोन दगड रचून पायरी केलेली. अशा जुन्या वाटा अजून आहेत आणि त्यांना बदूंच्याच वाटा म्हणतात. आम्ही त्यातली एक सोपी वाट पहिल्या दिवशी केली आणि एका जागी मी चांगला घाबरलो, तिथं फ्रेंड लावायला चीर नव्हती आणि समोर शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी बोकड खांद्यावर घेऊन उतरला असेल असा विचार डोक्यातून जाईना.

आमचा यजमान जीपवाला काका, पन्नाशीचा, डोक्याला लाल चौकटीचा रुमाल, बोलणं कमी आणि चहा जास्त. चहात मरमिया नावाचा पाला आणि साखर अशी की चमचा उभा राहावा. परभणीकराला चहा एवढा आवडला की दिवसाला दहा ग्लास. रात्री झर्ब केलं होतं. वाळूत खड्डा, खड्ड्यात निखारे, त्यावर लोखंडी मजल्यांची चाळण, वर मटण आणि कोंबडी, खाली बटाटे कांदे गाजर, मग झाकण, झाकणावर घोंगडी आणि घोंगडीवर परत वाळू. दोन-अडीच तासांनी उकरून काढतात. काका मोठ्या अभिमानानं वाळू बाजूला करायला लागला आणि परभणीकर म्हणाला, "अरे ही तर हुरड्याची आगटी आहे राव, फक्त ह्यात बोकड टाकलाय." त्यानं घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काकाला दिली. काकानं धपाटा उलटा-सुलटा करून बघितला, चटणीला बोट लावून चाटलं, आणि मग अख्खा डबा स्वतःकडं सरकवून घेतला.

आता लातूरकराकडं येतो.

लातूरकर पाणी मोजतो. आमच्या ग्रुपमध्ये हा चेष्टेचा विषय आहे, म्हणजे होता. ट्रेकला निघताना तो सगळ्यांच्या सॅक उघडून बाटल्या मोजणार, कुणाच्या बाटलीत किती उरलंय ते मध्ये मध्ये बघणार, चेहऱ्यावर पाणी मारणाऱ्याकडं असं बघणार की मारणाऱ्यालाच लाज वाटावी. 2016 ला तो अकरावीत होता, लातूरला. त्या वर्षी टाक्यांजवळ जमावबंदी लावायला लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिली गाडी दहा वॅगनची, पाच लाख लिटर. आपण ती बातमी टीव्हीवर बघितली. तो तेव्हा घागर घेऊन रांगेत होता. त्यामुळं तो मोजतो.

वादी रमला त्याला एक खजिनाच सापडला. काकाकडून कळलं की ह्या वाळूच्या, ह्या दगडाच्या खाली पाणी आहे, दिसी नावाचा साठा, हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं मुरलेलं पाणी जे आता परत भरत नाही. 2013 पासून ते 325 किलोमीटर पाइपनं अम्मानला नेतात, वर्षाला दहा कोटी घनमीटर. म्हणजे शहराला पाणी कुठून तर वाळवंटातून. लातूरकर ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे यांची पण रेल्वेच आहे, फक्त ती रोज चालूच आहे." आणि संपल्यावर काय, हे त्यानं काकाला खुणेनं विचारलं. काकानं हात वर केले आणि चहा ओतला.

आणखी एक. तिथल्या बोलीत पाण्याला मय्य म्हणतात, पण घाईत बोलले की ऐकू येतं चक्क माय. पहिल्या दिवशी काका जीपच्या मागं बोट दाखवून "माय, माय" म्हणायला लागला तर लातूरकर मागं वळून कोण म्हातारी आली बघायला लागला. नंतर तो पाणी म्हणेचना. "माय किती राहिली?" "माय सांडू नको." चेष्टा म्हणून सुरू झालं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही सगळेच तसं बोलायला लागलो होतो.

चढाईबद्दल थोडं. वाळूच्या दगडावर ठोकून काही कळत नाही, सगळंच ठक ठक. त्याला हातानं चोळून बघायचं. कण निघाले तर वरचा पापुद्रा कच्चा. बुटाखाली सारखी वाळू येते म्हणून पाय टाकायच्या आधी बूट दुसऱ्या पोटरीवर पुसायचा, आमच्या सगळ्यांच्या पँटी पोटरीवर लाल झाल्या होत्या. आणि चिरा. आपल्याकडं चीर दिसली की आपण कडेला धरून वर जातो, तिथं चिरेत हात घालून मूठ वळायची, मूठ फुगते आणि अडकते, मग तिच्यावर सगळं वजन. पायाचं पण तेच, बूट आडवा घालायचा आणि मुरगाळायचा. पहिल्या दिवशी हाताच्या पाठीची सालटी निघाली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीनं सगळ्यांच्या हाताला चिकटपट्टी बांधून दिली, आणि बांधताना असं काही बोलली जे डॉक्टरनं बोलू नये.

तिसऱ्या रात्री पाऊस झाला. जोराचा नाही, अर्धा तास, पण झाला. सकाळी ऊन कडक पडलं तरी काकानं मान हलवली, आज नाही. ओला वाळूचा दगड कच्चा होतो, आतलं पाणी सुकायला वरून दिसतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो, होल्ड तुटतात, चिरेत बसवलेलं सामान दगडाचा तुकडा घेऊन बाहेर येतं. किमान एक दिवस थांबायचंच, जास्त पाऊस झाला तर दोन-तीन दिवस. मग आम्ही पेट्राला गेलो. त्यावर वेगळं लिहीन, इथं फक्त एवढंच की सव्वा किलोमीटरच्या त्या अरुंद घळीतून चालत तुम्ही खजिना म्हणतात त्या वास्तूच्या दारासमोर येता, चाळीसेक मीटर उंच कोरलेला दर्शनी भाग, सगळे फोटो काढायलेत, आणि आम्ही चौघं वेरूळच्या गप्पा मारायलोत. कारण तोही वरून खाली कोरलेला आणि आपलं कैलास लेणंही वरून खाली. फक्त पेट्रा कोरणाऱ्या नबातियनांना मऊ दगड मिळाला आणि राष्ट्रकूटांच्या कारागिरांना बेसॉल्ट, त्यामुळं आम्ही एकमतानं वेरूळला जास्त मार्क दिले. लातूरकर मात्र दाराकडं बघतच नव्हता. तो घळीच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर कोरलेला पाण्याचा पाट बघत मागं राहिला होता. दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात हात फिरवत होता.

पाचव्या दिवशी जे झालं ते खरं सांगायचंय, बाकीचं सगळं त्याच्यासाठी लिहिलं असं समजा.

बर्राह कॅन्यनमध्ये गेलो होतो. परभणीकराचं पोट आदल्या रात्रीच्या झर्बनं बसलं होतं त्यामुळं तो कँपवर. आम्ही तिघं. तीन टप्प्यांची एक चीर, डॉक्टरीण लीडला, म्हणजे सगळ्यात पुढं, दोन रोप घेऊन, मी आणि लातूरकर एकेका रोपावर मागून. चढाई झकास झाली. वर बसून खजूर खाल्ले, फोटो काढले, आणि तिथं अर्धा तास जास्त बसलो. उतरायला तीन रॅपल होते, म्हणजे रोपाला लटकून उतरायचे टप्पे. दोन्ही रोप गाठीनं जोडायचे, वरच्या कडीतून ओवायचे, तिघांनी उतरायचं आणि खालून एक बाजू ओढली की सगळा रोप खाली येतो. पहिला रॅपल नीट झाला. दुसऱ्याला मी पहिला उतरलो.

आता नियम असा आहे. पहिल्या माणसानं खाली उतरलं की ओरडायचं, रोप फ्री, आणि त्यानंतर खालून रोप मीटरभर ओढून बघायचा. सरकला तर ठीक. नाही सरकला तर वर अजून माणसं आहेत, ती गाठ कडेच्या पुढं आणतील, काहीतरी करतील. सगळे खाली आल्यावर कळून उपयोग नाही. हे आम्हाला पहिल्याच कॅम्पला शिकवलेलं आहे आणि मी स्वतः चार पोरांना शिकवलंय.

मी ओट्याएवढ्या एका लेजवर, म्हणजे कड्यातल्या सपाट जागेवर, उतरलो. सव्वापाच झाले होते, साडेपाचच्या सुमाराला सूर्य जाणार होता, समोरचा कडा आधीच जांभळा पडायला लागला होता. ओरडलो, "रोप फ्री!" वरून लातूरकराचा आवाज आला, "ओढून बघितलास का?"

मी म्हणालो, "हो हो, या."

ओढलाच नव्हता. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. घाई होती, हात दुखत होते, पहिला नीट आला होता तर हाही येईल. आणि वरून विचारल्यावर नाही म्हणायची लाज वाटली हे खरं कारण असेल.

दोघं उतरले. मग ओढला. दोन हात आला आणि बसला. तिघांनी लटकून ओढला. बाजूला सरकून ओढला, सैल सोडून लाटा सोडल्या, शिव्या दिल्या. गाठ वरच्या कडेखालच्या चिरेत जाऊन बसली होती. खाली अजून चाळीस मीटर आणि आमच्याकडं दुसरा रोप नाही. मोबाईलला रेंज नाही. नशीब एवढंच की रोप साठ मीटरचे आणि हा रॅपल चाळीसचा, त्यामुळं दोन्ही टोकं आमच्या हातात होती. दोन्ही रोप एकत्र धरून त्यावर प्रुसिक, म्हणजे वजन आलं की आवळणारी गाठ, बांधून कुणीतरी वर जाऊ शकत होतं.

मी म्हणालो, मी जातो. डॉक्टरणीनं माझ्या हातांकडं बघितलं आणि म्हणाली, "तू बस." ती आमच्यात सगळ्यात हलकी आणि सगळ्यात शांत. दोरीच्या दोन छोट्या गाठी, एक कमरेला एक पायाला, एक वर सरकवायची, त्यावर बसायचं, मग दुसरी सरकवायची. एका वेळी फूटभर. दर थोड्या अंतरावर खालचा रोप कमरेच्या हार्नेसच्या पट्ट्याला बांधून घ्यायचा, म्हणजे गाठ सुटली तरी सरळ लेजवर येणार नाही. चाळीस मीटर असं. अंधार पडला, तिचा हेडलँप वर जाताना दिसत होता, आणि दर मिनिटाला थोडी वाळू आमच्या डोक्यावर सांडत होती.

थंडी वाजायला लागली. माझं तोंड कोरडं पडलं होतं, माझी बाटली वरच संपली होती. लातूरकर काही न बोलता सॅकच्या तळातनं एक लिटरची बाटली काढून बसला. तिच्या गळ्याला लाल रबर. सकाळी मोजताना ही बाटली नव्हती, मी शपथेवर सांगतो. "ही मोजायची नसते," तो म्हणाला. टोपणात ओतून मला दिलं. एक टोपण. मग त्यानं घेतलं, एक. मग टोपण लावून बाटली जाकिटात. "बाकी तिची."

मी त्या वेळी त्याला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

पाऊण तासानं वरून आवाज आला, "निघाली!" तिनं गाठ चिरेतनं काढून पार कडेच्या खाली आणली, उतरली, आणि खाली आल्यावर सगळ्यात आधी रोप ओढला, सरकला, सळसळत पूर्ण खाली आला. मग तिनं पाणी मागितलं. लातूरकरानं अख्खी बाटली दिली. तिसरा रॅपल अंधारात केला, सावकाश, आणि खाली वाळूत पाय लागले तेव्हा लांबून जीपचे दिवे हलताना दिसले. परभणीकर काकाला घेऊन शोधायला निघाला होता, पोट धरून, सोबत थर्मासभर चहा.

रात्री कुणी काही बोललं नाही. सकाळी शेकोटीच्या राखेजवळ बसलो असताना मी सांगून टाकलं, की मी ओढला नव्हता. डॉक्टरीण हाताची पट्टी सोडत होती, तिनं वर बघितलं नाही, फक्त "हं" म्हणाली. लातूरकर बराच वेळ काडीनं राख उकरत बसला. मग म्हणाला, "मला माहीत होतं. रोप माझ्या हातात होता ना वर. हललाच नाही तो. तू हो म्हणालास आणि मी पण म्हणलं, जाऊ दे."

याच्यावर काय बोलणार. काकानं चहा ओतला.

जानेवारीत परत हडबीची शेंडी केली, चौघंच. वरून उतरताना मी म्हणालो, मी पहिला जातो. कुणी नको म्हणालं नाही. खाली पोचलो, कॅराबिनर सोडवला, ओरडलो, "रोप फ्री!" वरून काहीच आवाज नाही. वर बघितलं तर लातूरकर कड्यावरून डोकं काढून खाली बघत होता, आणि त्याचा हात रोपावर होता.

"ओढ," तो म्हणाला.

ओढला. निळा खाली आला, लाल वर गेला, मीटरभर.

"अजून ओढ."